जुवावरची हळद

१

पोळ्याच्या दिवशी सकाळी बैल धुवायला नाल्यावर गेलेली बोरखेडीची माणसं बैल न धुताच पळत परत आली. नाल्याच्या वळणावर, करंजाच्या मुळ्यांत अडकून, मारोतराव पालथे पडले होते. रात्री नाल्याला पूर होता. पहाटे तो उतरला आणि जे वाहून जायचं ते मागे राहिलं.

ही गोष्ट एकोणसाठ सालची. मारोतराव म्हणजे गावातलं मोठं शेत, मोठं घर आणि मोठा आवाज. मला बोलावणं आलं, कारण मारेगावच्या त्या अंगाला मिशनचा एकच दवाखाना होता आणि त्यात नर्स मी एकटी. मला बोलावलं की माझे यजमान न बोलावता येतात. पाद्री शमुवेल घोडेस्वार. आडनाव घोडेस्वार, पण जन्मभर बसले ते सायकलवर, आणि तीही चढणीला हातात धरून. प्रवचन बेताचं, तब्येत किरकोळ. मात्र कुणाच्या घरी काय शिजतं, कोण कुणाशी बोलत नाही आणि कुणाची गाय कधी व्याली, हे सारं त्यांना ठाऊक. मी याला भोचकपणा म्हणते. ते म्हणतात, कळपाची काळजी. कळप म्हणावा तर गावात ख्रिस्ती घरं चार.

मी प्रेत पाहिलं. डोक्याची मागची बाजू फुटली होती. दगडावर पडून असं फुटत नाही. कुणीतरी मागून हाणलं होतं. शेजारी मारोतरावांचा धाकटा भाऊ धावजी बसला होता. बिनलग्नाचा, पन्नाशीला आलेला, मुलखाचा अबोल माणूस. भावाच्या छातीवर हात ठेवून तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "देवाशप्पथ, दादा, मले काईच ठाऊक नाई. कोनं केलं बाप्पा हे!"

काठावरच्या चिखलात बंडीच्या चाकांच्या खुणा होत्या. येतानाच्या खोल, जातानाच्या उथळ. म्हणजे बंडी ओझं घेऊन आली होती आणि रिकामी परत गेली होती.

त्या खुणा पाहून माणसं मढ्यापेक्षा जास्त दचकली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद गरम करायची, पळसाच्या पानाने खांद्याला लावायची आणि बैलाच्या कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एकदा खांदशेकणी झाली की पोळा सरेपर्यंत बैलाच्या मानेवर कुणी जू ठेवत नाही. चोरही ठेवत नाही.

"खांदशेकनीच्या राती बंडी जुपनारा या गावात जल्मला नाई," एक म्हातारा म्हणाला.

"एक हाय ना," गर्दीतून आवाज आला. "ज्यानं पोळाच सोडला."

सगळ्यांच्या माना एकदम उकंडाच्या वस्तीकडे वळल्या.

२

उकंडाने तीन वर्षांपूर्वी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि त्या वर्षापासून पोळ्याला डफडं वाजवणं बंद केलं. वाडवडलांपासून ते काम त्याच्या घराकडे होतं. मारोतरावांना हे सोसत नव्हतं. गेल्या आठवडी बाजारात ते सगळ्यांदेखत म्हणाले, "यंदा डफडं नाई वाजलं तं पाहून घेईन." उकंडा म्हणाला, "वाजवनार नाई. अंगावर आले तं म्या बी हात आवरनार नाई." बाजारातल्या प्रत्येकाने ते ऐकलं होतं, आणि त्या सकाळी प्रत्येकाला ते पाठ होतं.

ठाण्यावरून फौजदार जीप घेऊन आले. तरुण, कडक इस्त्रीचे, बोरखेडीत पहिल्यांदाच आलेले. चाकाच्या खुणेत थोड्या थोड्या अंतराने एक आडवा वळ उमटलेला होता. चाकावरच्या लोखंडी धावेचा सांधा वर आला की असा वळ उठतो. त्यांनी जलालला बोलावलं. जलाल लोहारकाम करी, इंजनं दुरुस्त करी, आणि गावातल्या प्रत्येक बंडीची धाव त्यानेच चढवलेली. उकंडाचा तो जिवाभावाचा दोस्त. चिखलाकडे पाहून तो नुसता उभा राहिला.

"बोल," फौजदार म्हणाले.

"उकंडाच्या बंडीची हाय साब." मग आमच्या पाद्रीसाहेबांकडे वळून तो म्हणाला, "झूट कसं बोलू पाद्रीसाब? सांधा माह्याच हातचा हाय."

उकंडाला घरून आणलं. तो घाबरला होता, पण बोलला सरळ. "बंडी माह्या वावराच्या धुऱ्यावर उभी हाय साहेब. रस्त्यानं गारा-चिखल हाय म्हून घरी आनली नाई. बैल घरी होते, म्या बी घरी होतो. बंडी कोनीबी नेऊ शकते."

"बंडी कोणीही नेईल. पण जुंपणार कोण?" फौजदार म्हणाले. "सारं गाव सांगतंय, काल रात्री बैलाच्या मानेवर जू ठेवायची हिंमत फक्त तुझ्यात होती. तू खांदे शेकलेस का?"

"नाई. आमी आता ते करत नाई."

"ऐकलंत?" फौजदारांनी पंचांना विचारलं, आणि उकंडाचे हात मागे आवळून बांधले गेले. त्याची आई सत्यभामा गर्दीच्या कडेला उभी होती. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती मुलाकडे नाही, जमिनीकडे पाहत होती.

एकदा तो जीपमध्ये बसला की संपलं होतं. साक्षीदार सारं गाव, आणि सगळे आपल्या परीने खरंच बोलणारे. अशा खटल्यात माणूस फासावर जातो आणि कुणाची झोपही मोडत नाही.

"जीप कदी निघंल साहेब?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

"बंडीचा पंचनामा झाला की."

"मंग दुपारपावतर हाय म्हना," असं म्हणून ते मारोतरावांच्या घराकडे चालू लागले.

"अहो, बंडी वावरात आहे," मी मागून म्हणाले.

"बंडी कोठी पळून जाते काय? मानसं रडून रडून थकली का मंग काई सांगत नाईत," ते म्हणाले.

३

मारोतरावांच्या ओसरीत बायकांचा गराडा पडला होता. मधोमध त्यांची बायको सुखीबाई. पाद्रीसाहेब तिच्यासमोर बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा?

"पुरनाची डाळ भिजू घातली होती काय वैनी?"

मला भुई फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सुखीबाई एकदम बोलती झाली. नवऱ्याबद्दल तिला सकाळपासून सगळे विचारत होते. डाळीबद्दल कुणीच विचारलं नव्हतं.

"होती ना बाबा. काल दिवेलागनीले हे जेवले अन् विहिरीवर जाऊन येतो म्हनले. भावजी तिथंच ऱ्हायते, कोठ्यात, बैलापाशी. मोटेची जोडी हाय ना ती. राती हे आले नाईत, मले वाटलं तिथंच निजले. तांबडं फुटलं नाई तं भावजी दारात. माहं काळीज धस्स झालं! तं ते म्हने, वैनी, वाटीभर तूप द्या. म्या देल्लं अन् पुन्हा चुलीले लागली. मले काय ठाऊक, तवा हे पान्यात पडून हायेत!"

"तूप घरचं?"

"घरचंच. कालबी देल्लं होतं संध्याकाळी."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. बाई विधवा झाली आहे आणि हा मनुष्य तुपाची चौकशी करतो! त्यांनी पाय काढून घेतला आणि विचारलं, "मारोतराव अलीकडं कोनावर चिडून होते काय?"

"चिडायले काय, ते रोजच चिडत. पन परवापासून खुशीत होते. पोळा झाला का विहिरीवर इंजन बसवाचं होतं. जलालशी बोलनं झालतं. मंग मोट कायले, अन् मोटेची जोडी तरी कायले? बाजारात काढतो म्हनत."

जलालचं नाव ऐकून मी सावध झाले. उकंडाचा दोस्त, मारोतरावांशी व्यवहार, आणि बंडीची खूण सांगणाराही तोच. परत येताना मी हे बोलून दाखवलं.

"जलालपाशी बैल नाईत," ते म्हणाले, आणि निंबाखाली बसलेल्या धावजीकडे वळले.

धावजीने मान वर केली नाही. "म्या खांद शेकले, भाकर खाल्ली अन् निजलो. दादा विहिरीवर आलाच नाई."

"जोडी नामी हाय गा तुही."

त्या दिवसात पहिल्यांदा धावजीचा चेहरा सैल झाला. "गाय मेली होती पाद्रीबाबा. दोघंबी इवलीशी. बोटं चाटवून चाटवून दूध पाजलं म्या त्याइले." मग त्याला बहुतेक आठवलं की घरात सुतक आहे. त्याने मान पुन्हा खाली घातली.

एवढ्यात वावराकडून एक माणूस ओरडत आला. बंडीचा पंचनामा उरकत आला होता आणि उकंडाला जीपकडे नेत होते.

४

आम्ही धापा टाकत उकंडाच्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावर पोचलो. बंडी उभी होती. चाकांना नाल्याचा काळा गाळ लागलेला, साटीच्या, म्हणजे बैठकीच्या फळ्यांवर रक्ताचा डाग. फौजदारांनी सगळं टिपून घेतलं होतं. पाद्रीसाहेब बंडीला वळसा घालून पुढे गेले, चिखलात गुडघे टेकले आणि जुवाच्या खालच्या अंगाला बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

"साहेब, हे पाहा."

"हळद," फौजदार म्हणाले. "मग?"

"जुवाले हळद कोठून आली? जुवाची कोनी पूजा करत नाई आज. बैलाच्या खांद्यावरून आली. ज्यानं बंडी जुपली त्याचे बैल कालच शेकलेले होते." ते गर्दीकडे वळले. "सांगा गा, उकंडानं काल खांद शेकले काय?"

"नाई, नाई!" चारी बाजूंनी उत्तर आलं. "तीन वर्सापासून शेकत नाई तो!"

मग एक एक तोंड मिटत गेलं. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात येत होतं. ज्या गोष्टीसाठी गाव उकंडाला शिव्या देत होतं, तीच त्याला सोडवत होती. फौजदारांनी टोपी काढून कपाळ पुसलं. दोरी सैल करायला ते शिपायाला खूण करणार, तोच मागून कुणीतरी हंबरडा फोडला.

सत्यभामा होती. गर्दी बाजूला सारत ती पुढे आली आणि पाद्रीसाहेबांच्या पायांशी बसली.

"म्या शेकले बाबा! हा बुद्धइहारात गेलता वंदनेले, तवा म्या चोरून शेकले. देव सोडला म्हनून बैलाचा खांदा दुखाचा थांबते काय? याले सांगितलं नाई, हा चिडला असता." मग मुलाकडे पाहून ती म्हणाली, "मले खोटं नाई बोलता येत रे बापू."

उकंडा आईकडे पाहतच राहिला. गर्दीतून "बोंबला" असं कुणीतरी स्पष्ट म्हणालं. फौजदारांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"झालं तर मग," ते म्हणाले. "बंडी याची, बैल याचे, आणि हळदही याच्याच घरची."

५

मी पाद्रीसाहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मग ते सत्यभामेजवळ खाली बसले.

"माय, कायनं शेकले तू?"

"हळद अन् जवसाचं तेल. तूप कोठून आनू बाबा मी?"

"साहेब, जीप जिथं जायाची तिथं याच्या घरावरूनच जाते. फक्त बैल पाहा," ते म्हणाले.

उकंडाचे दोन्ही बैल अंगणात बांधलेले होते. नाल्यात प्रेत सापडल्यामुळे त्या दिवशी गावातला एकही बैल धुतला गेला नव्हता, हेच उकंडाचं नशीब. दोघांच्या खांद्यांवर हळदीचा थर वाळून पापडीसारखा बसला होता. पळसाच्या पानाच्या शिरासुद्धा त्यात उमटलेल्या. कुठे घासल्याची खूण नाही. पाद्रीसाहेबांनी नखाने थोडी पापडी काढली. ती आणि जुवावरचं पिवळं बोट पुसलेला आपला रुमाल त्यांनी माझ्या नाकापुढे धरला. बायबलनंतर या माणसाचा विश्वास माझ्या नाकावर.

"हे जवसाचं तेल. कडवट वास आहे," मी म्हणाले. "आणि रुमालाला साजूक तूप."

फौजदारांनी स्वतः हुंगून पाहिलं. "पण तुपाने शेकणारी घरं गावात पुष्कळ असतील."

"हायेत. पन पहाटे दुसऱ्यांदा तूप मागाले गेलेला मानूस एकच हाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो पडला नसता तर बरं असंही वाटलं.

विहिरीवरच्या कोठ्यात धावजीची जोडी होती. पांढरीशुभ्र, उंच शिंगांची. बाकी गावात हळद वाळून गेली होती. यांच्या खांद्यांवर तूप अजून ओलं चकाकत होतं. धावजीलाही शिपायाने आणलं होतं. दोरी बांधलेला उकंडा, सत्यभामा, जलाल, सुखीबाई, सगळे दाराशी उभे राहिले.

"धावजी," पाद्रीसाहेब म्हणाले, "काल संध्याकाळी तू खांद शेकले. मंग पहाटे पुन्हा काहून शेकले?"

धावजीने नजर बैलांकडे वळवली.

"म्या सांगतो. मधात जू ठेवलं गेलं. हळद पुसली गेली. आवतन मोडलं. तुले ते सोसलं नाई. भावाले नाल्यात सोडून तू आला, अन् सगळ्यात आधी बैलाची माफी मागाले तूप आनलं."

"पुरावा आहे का याला?" फौजदार हळूच म्हणाले. "वहिनीनं तूप दिलं, एवढ्यावर कोर्ट काय म्हणेल?"

पाद्रीसाहेबांनी ऐकलंच नाही. "सकाळी भावाच्या छातीवर हात ठेवून तू शप्पथ घेतली. म्या तिथंच होतो. आता एकच कर. बैलाच्या खांद्यावर हात ठेव अन् सांग, का काल राती म्या याइले जुपलं नाई. तू तसं म्हन, मी घरी जातो. साहेब उकंडाले घेऊन जातीन."

मला ओरडावंसं वाटलं. एका माणसाचा जीव त्यांनी दुसऱ्याच्या जिभेवर ठेवला होता! उकंडाचे डोळे धावजीवर खिळले होते. धावजी पुढे झाला. हात उचलला. डावीकडच्या बैलाने ओळखीने मान वळवून त्याचं मनगट चाटलं.

धावजीचा हात तसाच हवेत राहिला. मग तो बैलाच्या पायांशी मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"जुपलं म्या," तो म्हणाला. "दादा इथं आला. म्या आवतन देऊन राह्यलो होतो. तो हासला. म्हने, जेवाले घाल उद्या पोटभर, परवा खाटकाले देतो. इंजनाले चारा लागत नाई म्हने. मोटेचा दांडा हाताशी होता. येकच हानला बाप्पा, येकच! दादा उचलेना. आमच्या बंड्या गावात. शेजारच्या धुऱ्यावर उकंडाची उभी होती."

"आणि उकंडाला बांधलं तेव्हा?" मी विचारलं.

"तवा म्या गप्प होतो," धावजी म्हणाला.

सुखीबाई भिंतीला टेकून खाली सरकली. मी तिला धरलं. फौजदारांनी स्वतः उकंडाची दोरी सोडली आणि तीच धावजीच्या हातांना बांधली. ते जबाब लिहीत होते तेवढ्यात मी नवऱ्याला बाजूला घेतलं.

"त्यानं खोटी शपथ घेतली असती तर?"

"तं उकंडाले म्याच मारलं असतं," ते म्हणाले. मी आणखी बरंच बोलणार होते, ते गिळलं.

धावजीला जीपकडे नेताना तो दारात अडला. त्याने वहिनीकडे पाहिलं नाही, आमच्याकडेही नाही. तो उकंडासमोर उभा राहिला.

"उकंडा, माही जोडी सकाळपासून उपाशी हाय. सुतक हाय, आमच्या घरचं कोनी हात लावनार नाई. अन् मंग वैनी विकून टाकीन."

उकंडाची मनगटं सुजून लाल झाली होती.

"मले फाशी जाऊ देत होता ना गा तू?" त्याने विचारलं.

"हो."

शिपायाने धावजीला ओढलं. जीप सुरू झाली, चिखल उडवत वळणाआड गेली. माणसं पांगू लागली. डफडं वाजवा म्हणायची त्या दिवशी कुणाची छाती झाली नाही.

"बैलायनं काय केलं," उकंडा स्वतःशीच म्हणाला आणि कोठ्यात शिरला. त्याने कडब्याची पेंडी सोडून दोघांपुढे टाकली, मग बादली घेऊन विहिरीकडे गेला. पोहरा ओढायला मनगटांत जोर नव्हता. सत्यभामा पुढे झाली आणि मायलेकांनी मिळून पाणी शेंदलं.